हाडांना जात नसते : माणूस काढायला शिकण्याचा इतिहास आणि आपण

मागच्या जयंतीच्या आधीची गोष्ट. मुरगूडला आमच्या वस्तीतल्या विहारात कमिटीची बैठक बसली होती. विषय नेहमीचेच : मिरवणूक, डीजे, फ्लेक्स, वर्गणी. आम्ही त्यात एक छोटी मागणी ठेवली. दर रविवारी विहारात मुलांचा जो चित्रकलेचा वर्ग आम्ही चालवतो, त्यासाठी कागद, कोळशाच्या कांड्या आणि चार बोर्ड एवढा खर्च कमिटीने उचलावा. डीजेच्या भाड्यापुढे ही रक्कम किरकोळ होती. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, "पोरं हातपाय, डोकं काढायला शिकून समाजाचं काय व्हणार? त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणा की." एक तरुण म्हणाला, "दादा, आता मोबाईलला सांगितलं की चित्र तयार हुतंय. शिकायचं कशाला?"

दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते. बैठकीत आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबांचे पूर्णाकृती चित्र रंगवले होते. एका फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखले, तेवढेच चौकोन भिंतीवर मोठे करून आखले आणि एकेक चौकोन उतरवत गेलो. चेहरा जमला. चष्मा, कोट, टाय, हातातले संविधान, सगळे ओळखू येत होते. पण माणूस उभा राहिला नाही. पाय जमिनीला टेकलेले वाटत नव्हते. खांदा आणि दंड यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. कोटाच्या आत छाती आहे असे वाटत नव्हते. खुंटीला अडकवलेल्या कोटाला चेहरा चिकटवावा, तसे ते चित्र दिसत होते. गंमत म्हणजे लोक त्याच चित्रापुढे मनोभावे हात जोडत होते. ते चित्र माणसाचे नव्हतेच. ती मूर्ती झाली होती.

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळले की चेहरा उतरवता येणे आणि माणूस काढता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकलेचे शिक्षक माणूस शिकवताना साधारण तीन पायऱ्या सांगतात. आधी शरीराची ढब पकडायची, म्हणजे ते कुठे झुकले आहे, वजन कुठे पडले आहे, हालचाल कुठून कुठे जाते. मग आतली बांधणी समजून घ्यायची, म्हणजे कवटी, छातीचा पिंजरा, कंबरेचे हाड, सांधे. आणि शेवटी स्वच्छ, ठाम रेषा. आम्ही उलटे केले होते. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली होती. आमचे म्हणणे असे आहे की या तिन्ही पायऱ्यांना आपला, म्हणजे जातिव्यवस्थेने पिचलेल्या माणसांचा, एक इतिहास आहे. तो वाचल्याशिवाय चित्रकला हा पोटभरल्यांचा छंद वाटत राहील.

ढब : पाठ कोणी वाकवली?

समाजशास्त्र शिकताना मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाचे एक व्याख्यान वाचायला लागते. १९३४ साली त्याने मांडले की चालणे, बसणे, पोहणे, उभे राहणे या गोष्टी माणूस जन्मतः घेऊन येत नाही. समाज त्या शरीराला शिकवतो. मॉसला हे मांडावे लागले. आपल्या आज्या-पणज्यांना ते व्याख्यानाशिवाय ठाऊक होते.

जोहार म्हणजे काय होते? नुसता शब्द नव्हता. कंबरेत वाकायचे, नजर जमिनीवर, हात शरीराला चिकटलेले, अंतर राखून उभे राहायचे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी पेशवाईतल्या पुण्याचे वर्णन केले आहे. अस्पृश्याच्या कंबरेला झाडू, पावलांचे ठसे पुसायला. गळ्यात मडके, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. हा नियम एखाद्या कागदावर लिहिलेला असो वा नसो, तो शरीरावर लिहिलेला होता. गळ्यात मडके असलेला माणूस मान वर करून चालू शकत नाही. जातीने पाणी आणि अक्षर नाकारले, तशीच ताठ उभी राहण्याची ढबही नाकारली.

म्हणून बाबासाहेबांच्या चळवळीतले मोठे प्रसंग शरीराच्या हालचालींच्या बाजूने बघा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले? माणसे पाण्याच्या काठाशी गेली, वाकली आणि ओंजळीने पाणी प्यायली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की गुडघ्यापर्यंत वर लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, जातीची ओळख पटवणारे जडशीळ दागिने टाका. ज्यांना हे कपड्यांचे किरकोळ प्रकरण वाटते, त्यांना जात शरीरावर कशी कोरली जाते हे कळलेले नाही.

वर्गात आम्ही एक प्रयोग केला. एका मुलाला जोहार घालणाऱ्यासारखे वाकायला सांगितले आणि दुसऱ्याला तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यासारखे. बाकीच्यांना एकेक मिनिट दिले. नाक-डोळे काढायचे नाहीत, बोटे काढायची नाहीत. डोक्यापासून पाठीवरून पायापर्यंत जाणारी एकच मुख्य रेषा आधी टाकायची आणि वजन कुठल्या पायावर आहे तेवढे दाखवायचे. पहिल्या झटक्यात दोन्ही चित्रे सारखीच आली. दोघेही वाकलेलेच. मग मुले पुन्हा बघू लागली. पाणी घेणाऱ्याचा एक पाय पुढे आहे, गुडघा दुमडला आहे, पाठ लांब ताणली आहे, हात शरीरापासून सुटून पुढे गेले आहेत. जोहारात टाचा जुळलेल्या, खांदे आत ओढलेले, कोपरे बरगडीला चिकटलेली. एक वाकणे काही घेण्यासाठी आहे, दुसरे स्वतःला लहान करण्यासाठी. महाडच्या सत्याग्रहावर आम्ही अनेक भाषणे केली आहेत, पण हा फरक आम्हाला त्या दिवशी मुलांच्या कागदावर दिसला.

त्याच रविवारी वस्तीतले एक ऐंशी पार केलेले आबा विहारात बसले होते. ते म्हणाले, "आमचा बा कसा उभा ऱ्हायचा, मी दावतो." ते उभे राहिले. मुलांनी दोन मिनिटांत काढले. वेळ संपल्यावरही आबांची मान खालीच होती. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "आबा, झालं. मान वर घ्या की." आबा हसले, पण मान वर घ्यायला त्यांना जरा वेळ लागला. मॉसचे व्याख्यान आम्हाला एमएच्या वर्गात जेवढे कळले नव्हते तेवढे तिथे कळले.

बांधणी : शरीर मोजणारे तीन हात

दुसरी पायरी बांधणीची, म्हणजे मापांची. माणसाचे शरीर तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळ्या हेतूंनी मोजले आहे. हा फरक आपल्या तरुणांनी नीट लक्षात ठेवावा.

पहिले माप शिल्पशास्त्राचे. त्याला तालमान म्हणतात. चेहऱ्याच्या लांबीला एक ताल धरायचे आणि त्या मापाने पूर्ण मूर्ती बसवायची. यात कौशल्य मोठे आहे, पण नियम बघा. सर्वसाधारणपणे श्रेष्ठ देवांना दहा ताल, इतर देवतांना नऊ, माणसांना आठ आणि बुटक्या गणांना चार-पाच. म्हणजे दर्जा जसा उतरेल तसे शरीर आखूड होणार. चातुर्वर्ण्याला मानणाऱ्या समाजाने मोजपट्टीसुद्धा उतरंडीची बनवली, यात नवल नाही. आपण बौद्ध म्हणून आपल्याच परंपरेकडे डोळेझाक करू नये. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात यशोधरा आणि राहुल यांच्यापुढे उभे असलेले बुद्ध त्यांच्या कितीतरी पट मोठे रंगवलेले आहेत. मोठेपणा आकाराने दाखवण्याची सवय त्या काळी सर्वांनाच होती.

दुसरे माप वसाहतीच्या सरकारचे. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले गेले. त्यात निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे फोटो नमुने म्हणून लावले होते. माणूस नव्हे, 'प्रकार'. पुढे हर्बर्ट रिस्ले हा अधिकारी नाक मोजू लागला. नाकाच्या रुंदीला शंभराने गुणायचे आणि लांबीने भागायचे, येईल तो नासिकांक. जितके नाक रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा होता. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि जातींची सामाजिक क्रमवारी लावण्याचा खटाटोप त्या जनगणनेत झाला. मनूने जे धर्माच्या नावाने सांगितले, ते रिस्लेने विज्ञानाच्या नावाने सांगितले.

याला उत्तर कोणी दिले? बाबासाहेबांनी. १९४८ साली आलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे का, हा प्रश्न घेतला. भावनिक भाषण केले नाही. घुर्ये यांनी वापरलेली मापांची आकडेवारीच हातात घेतली, प्रांताप्रांतातल्या ब्राह्मणांची आणि अस्पृश्यांची मापे शेजारी ठेवली आणि दाखवून दिले की मानवमितीवर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात. ज्या मोजपट्टीने आपल्याला खाली ढकलले, तिनेच त्यांनी तो सिद्धांत मोडून काढला.

तिसरे माप चित्रकाराचे. कलाशाळेत शिकवतात की सरासरी प्रौढ माणूस त्याच्या डोक्याच्या साडेसात पट उंच असतो. शरीराचा मध्य जांघेशी येतो. हात सरळ सोडला की कोपर कंबरेजवळ, मनगट जांघेच्या पातळीला आणि बोटांची टोके मांडीच्या मध्यावर. हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंतच्या चेहऱ्याएवढा. प्रत्येक माणसात थोडा फरक असतो आणि तो फरक बघायलाच ही सरासरी शिकायची. त्यात देवाला दहा आणि माणसाला आठ असे नाही. पाटलाचा छातीचा पिंजरा वेगळा आणि महाराचा वेगळा, असेही नाही.

वर्गात मुले आता माणूस काढताना छातीसाठी अंड्यासारखा आकार, कंबरेसाठी खोका आणि दोन्हींना जोडणारा कणा आधी मांडतात. छाती एका बाजूला कलली की कंबर दुसऱ्या बाजूला कलते, हे त्यांना एकमेकांकडे बघून कळले. कपडे नंतर. भिंतीवरच्या आमच्या चित्रात हेच चुकले होते. आम्ही कोट काढला होता, कोटातला माणूस काढला नव्हता. एका मुलाने विचारले, "सर, सगळ्यांची हाडं सारखीच, मग वेगळं काय असतंय?" आम्ही म्हणालो, हाच प्रश्न वहीवर लिहून ठेव. 'द अनटचेबल्स' वाचायला घेशील तेव्हा उपयोगी पडेल.

शिकायला कोणाला मिळाले?

आता प्रश्न येतो की ही विद्या कोणापर्यंत पोचली. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तिथले जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. म्हणजे आधुनिक महाराष्ट्रातल्या चित्रकारांच्या एका पिढीने माणूस काढण्याचा सराव बौद्ध लेण्यांच्या भिंतींसमोर उभे राहून केला. त्यातल्या अनेक नकला पुढे लंडनला आगीत जळाल्या. पुढे विसाव्या शतकात ग्लॅडस्टोन सॉलोमन यांच्या काळात जे.जे.त प्रत्यक्ष मॉडेल समोर बसवून अभ्यास करण्याला जोर आला. समोर बसणारी माणसे कोण असतात? २०१८ च्या 'न्यूड' या मराठी चित्रपटाने दाखवली तशी पोटासाठी तासन्‌तास स्थिर बसणारी कष्टकरी माणसे. चित्रावर सही चित्रकाराची असते. शरीर देणाऱ्याचे नाव कुठेच नसते. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हे आपल्याला नवीन नाही.

कोल्हापूरने मात्र यात थोडी वेगळी वाट दाखवली. १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखणारे, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवणारे राजर्षी शाहू महाराज कलावंतांचेही आश्रयदाते होते. जे.जे.त शिकून आलेल्या आबालाल रहिमान या गरीब मुस्लिम चित्रकाराला त्यांनी दरबारात मान दिला. बाबूराव पेंटर हे सुतारकाम-लोहारकाम करणाऱ्या मेस्त्री घराण्यातले. कुठल्याही कलाशाळेत न जाता ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत शिकले. बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा घडवला, १९२० साली 'सैरंध्री' आणला, १९२५ साली 'सावकारी पाश' काढून कर्जाखाली दबलेला शेतकरी पडद्यावर दाखवला. चित्रपटातले प्रसंग ते आधी कागदावर रेखाटत असत. माणसाची ढब ज्याला कागदावर पकडता येते, तो ती पडद्यावर आणू शकतो, याचे हे उदाहरण.

बाबासाहेबांनी म्हटले होते की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. कलेतही हेच झाले. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, मातंग, महार यांच्या हातात कौशल्य होते. चामड्याची चप्पल पायाच्या बांधणीवर बसवणाऱ्या कोल्हापूरच्या कारागिराला पायाची रचना कलाशाळेतल्या विद्यार्थ्यापेक्षा कमी कळत होती का? पण त्याच्या हाताला 'कारागिरी' म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या हाताला 'कला'. पेंटर बंधूंनी ती भिंत ओलांडली. अस्पृश्यांच्या वाट्याला तर तिच्या जवळ जाणेही आले नाही.

याच कोल्हापुरात ती भिंत दुसऱ्या बाजूने फोडली गेली. भाई माधवराव बागल हे सत्यशोधक खंडेराव बागल यांचे पुत्र, प्रजा परिषदेचे नेते आणि स्वतः जे.जे.त शिकलेले चित्रकार. त्यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्यांच्या हयातीत उभा राहिलेला हा पहिला पुतळा. शिल्पकार होते बाळ चव्हाण. ज्या देशात पुतळा देवाचा, राजाचा किंवा गोऱ्या साहेबाचा व्हायचा, तिथे गावकुसाबाहेर जन्मलेल्या, जिवंत, हाडामांसाच्या माणसाचा पुतळा भर चौकात उभा राहिला. हे घडवणारा नेता स्वतः चित्रकार होता, हा आम्हाला योगायोग वाटत नाही. माणूस कोणत्या मापाने मोजायचा, याचे शिक्षण त्याला दोन्हीकडून मिळाले होते, सत्यशोधक वडिलांकडून आणि कलाशाळेकडून.

आमचे मुरगूड कागल तालुक्यातले. कागल जहागिरीतल्याच माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद झाली आणि अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या बाबासाहेबांकडे बोट दाखवून शाहू महाराजांनी तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला असे सांगितले. हा वारसा आमच्या दाराशी आहे. म्हणून कोल्हापूरला जाणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो, बिंदू चौकात नुसते हात जोडून परत येऊ नका. वही काढा आणि उभे राहून रेखाटा.

रेषा : भीती कागदावर उतरते

तिसरी पायरी रेषेची. नवशिका मुलगा एक रेषा काढण्यासाठी वीस बारीक रेघा मारतो. खरवडल्यासारख्या, केसाळ. का? कारण त्याला चुकण्याची भीती असते. वर्गात चुकले की मार, घरात चुकले की बोलणी. आणि आपल्या पोरांना आणखी एक भीती : चुकलो तर जातीवर जाईल. आमच्या शाळेच्या दिवसांत एका शिक्षकांनी आमचे चित्र वर्गात धरून विचारले होते, "तुम्हाला हे जमायचं नाही, रंगाचे डबे उचलायला या." त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही रेषा लपवतच काढली.

म्हणून वर्गात खोडरबरला बंदी आहे. चुकलेली रेषा तशीच राहू द्यायची, शेजारी दुसरी टाकायची. हात मनगटातून नव्हे, खांद्यातून फिरवायचा. आधी सुरुवात आणि शेवट कुठे हे ठरवायचे, कोरड्या हाताने एकदा फिरवून बघायचे आणि मग एका दमात रेषा ओढायची. ढब आणि बांधणी आधी झालेली असेल तर ही रेषा येते. न समजता ओढलेली साफ रेषा नुसती ऐट असते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी आधी गेरूच्या रंगाने आकृती मांडली, मग रंग भरले, आणि शेवटी पुन्हा रेषेने आकार पक्का केला. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची त्रिभंग ढब, खांद्यावरून कंबरेपर्यंत उतरणारी ती ओळ, हे रेषेचे काम आहे. ढब पकडणे ही युरोपने आपल्याला शिकवलेली गोष्ट नव्हे, असे त्या भिंती सांगतात.

आणि रेषा नेहमी नाजूकच असली पाहिजे असेही नाही. नागपूरचे सवी सावरकर यांची चित्रे आणि छापचित्रे बघा. गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य, देवदासी, जाड, काळ्या, धारदार रेषेत. त्यांची बांधणी मोडलेली दिसते, कारण माणूस मोडला गेला होता हे त्यांना सांगायचे आहे. पण काय मोडायचे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ते मोडता येते.

आता त्या दोन प्रश्नांकडे

चित्र काढून समाजाचे काय होणार? आधी साधे उत्तर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यात स्मरणचित्र हा विषय असतो आणि माणसे काढता न आल्यामुळे पोरांचे गुण तिथेच जातात. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज यांसारख्या कलाशिक्षणाच्या जागा आहेत. तिथून पुढे कलाशिक्षक, ॲनिमेशन, जाहिरात, शिल्पकाम असे रस्ते निघतात. स्पर्धा परीक्षेची पुस्तके हवीतच. पण आपल्या सगळ्या पोरांनी एकाच दारात गर्दी करावी, हा कुठला न्याय?

पण खरे उत्तर वेगळे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आज आपल्याच वस्त्यांमध्ये बाबासाहेब फ्लेक्सवर अवतारासारखे दिसतात. डोक्यामागे तेजोवलय, पाय ढगात. हे आपल्याला शत्रूने नाही केले, आपणच करतो आहोत. संसदेच्या आवारात २ एप्रिल १९६७ रोजी ब. वि. वाघ यांनी घडवलेला पूर्णाकृती पुतळा उभा राहिला. त्यातले बाबासाहेब पाय रोवून उभे आहेत, एक हात पुढे करून दिशा दाखवत आहेत. तो चालायला सांगणारा माणूस आहे. त्याच ढबीच्या नकला गावोगाव झाल्या, आणि नकलेच्या नकलेत कित्येक ठिकाणी वजन गेले, खांदा गेला, शेवटी नुसते बोट उरले. पुतळा बघणाऱ्या पोराला शरीराची बांधणी कळत असेल, तर तो निदान विचारेल की हा माणूस कुठे उभा आहे आणि कुठे बोट दाखवतोय. तोच प्रश्न पुढे विचारांपर्यंत जातो. उतारवयात स्वतः व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेणाऱ्या बाबासाहेबांना हा उद्योग रिकामटेकडा वाटला नसता, याची आम्हाला खात्री आहे.

आणि मोबाईलचे काय? मोबाईल चित्र देतो, हे खरे. पण तो जगात आधीच असलेल्या चित्रांच्या ढिगाऱ्यातून देतो. त्या ढिगाऱ्यात आपली माणसे किती आहेत? आमच्या वस्तीत अशी घरे आहेत जिथे पणजीचा एकही फोटो नाही. ती कशी बसायची, पाटी डोक्यावर कशी घ्यायची, हे फक्त एखाद्या म्हाताऱ्याच्या आठवणीत आहे. मोबाईलला ते ठाऊक नाही. ते काढायचे तर कोणीतरी समोर बसून ऐकले पाहिजे, बघितले पाहिजे आणि हाताला माणूस काढता आला पाहिजे. हंगामात आमच्या भागात ऊसतोड मजूर येतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाईची मान, कणा आणि पुढच्या पायाचा पंजा यांत जे चालले आहे, ते अर्ध्या मिनिटात टिपायला आमची मुले शिकत आहेत. उद्या या श्रमाचा इतिहास लिहायचा झाला तर या वह्या पुरावा ठरतील.

म्हणून आमचे तरुण कार्यकर्त्यांना सांगणे आहे. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक वस्तीत एक वही सुरू करा. रोज दहा मिनिटे, अर्ध्या अर्ध्या मिनिटाची चित्रे, खोडरबराशिवाय. आधी आपल्या वस्तीतली जिवंत माणसे काढा : झाडू मारणारी, बसची वाट बघणारी, विहारात बसलेली, भाषण करणारी. म्हाताऱ्यांना उभे करून विचारा की त्यांचे आईबाप कसे उभे राहत. ते काढून खाली तारीख आणि त्यांचे नाव लिहा. ज्याने शरीर दिले त्याचे नाव चित्रावर असलेच पाहिजे. बाबासाहेबांचे चित्र सगळ्यात शेवटी काढा. तोपर्यंत तुमच्या हाताला माणूस काढता येत असेल आणि भिंतीवर मूर्तीऐवजी माणूस उभा राहील.

कमिटीने शेवटी कागदाचे पैसे दिले नाहीत. वर्ग मात्र चालू आहे, मागच्या बाजूने कोऱ्या असलेल्या जुन्या पत्रकांवर. गेल्या रविवारी त्या सातवीतल्या मुलीने आबांना पुन्हा उभे केले. या वेळी तिने त्यांना फक्त एवढेच सांगितले, "आबा, तुम्हाला हवं तसं उभं ऱ्हावा." ते चित्र आम्ही विहारात लावले आहे. खाली आबांचे नाव आहे.

जय भीम!